दात पाहून घेतलेला कॅमेरा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस एकही नाही. नुसते ड्रम. निळे, पोटाला दोरी आवळलेले, कुणावर ऑइलपेंटनं आडनाव, कुणावर नुसतंच एक फूल. रांगेत उभे आहेत आणि मुख्य पात्राची वाट बघताहेत. स्थळ, मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनामागची गल्ली. काळ, दोन हजार एकोणीसचा मे महिना. आदल्या साली पाऊस नावाला येऊन गेलेला, बोअर आटलेले, आणि तरीही गल्लीच्या तोंडाशी एक पाचमजली इमारत रोज थोडी थोडी वर चढतेच आहे.

लांबून हॉर्न वाजतो आणि बघता बघता रंगमंच भरतो. दारादारांतून बाया धावतात. नळीचं तोंड आधी कुणाच्या ड्रमात, यावरून पहिला आवाज चढतो, त्याच्यावर दुसरा, दोघींच्या मधून एक कुत्रं भुंकतं, आणि टँकरवाला साहेबराव वरून ओरडतो, "रांगेत ऱ्हा, नायतर चाल्लो मी!" असं तो रोज म्हणतो आणि कधीही जात नाही.

या गदारोळात एक बाई गप्प उभी असते. डोक्यावर पदर, हात ड्रमाच्या कडेवर, नजर खाली. नवखा माणूस म्हणेल, किती गरीब बाई. गल्लीतलं कुणी तसं म्हणत नाही. वच्छलाबाई या वेळी माल भरून घेत असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी भाकरी झाल्या की तिच्या पत्र्याच्या खोलीत तीच टँकरची रांग पुन्हा लागते, आणि या खेपेला सगळी पात्रं ती एकटी करते. शेजारच्या मालनबाईचा फुटका भोंगा, साहेबरावाचं नाकातून बोलणं, रिकाम्या ड्रमाचं घरंगळणं, कुत्र्याचं भुंकणं आणि मग कुणीतरी लाथ घातल्यावरचं केकाटणं. ज्यांची नक्कल होते त्याच बाया पोट धरून लोळतात. जिची होत नाही ती रुसते.

ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. लासूर स्टेशनच्या पलीकडं तिच्या बापाचा वाडगा होता, मेंढरांचा. संध्याकाळी मेंढ्या चरून यायच्या आणि दिवसभर कोंडलेली कोकरं आयांकडं सुटायची, तेव्हा नुसता गोंधळ. प्रत्येक मेंढीचा आवाज वेगळा, आणि कोकरू आपल्या आईच्या आवाजाकडंच जातं. परकरातली वच्छला मधोमध उभी राहून एकेका मेंढीचा आवाज काढायची आणि ते ते कोकरू टुणटुणत तिच्याकडं यायचं, की ती त्याला उचलून त्याच्या आईला लावायची. मेंढ्यांचे आवाज जमल्यावर माणसांचे काय अवघड?

लग्न झालं आणि पदर डोक्यावर आला. सासऱ्यापुढं बोलायचं नाही, नवऱ्यापुढं मोजकं बोलायचं. वच्छलाबाईनं हे इतकं मनावर घेतलं की नवऱ्याच्या, सूर्यभानच्या संसारात तिच्या तोंडून निघालेले शब्द म्हणजे "व्हय", "नाय" आणि "जेवायला चला". जात्यावर, नदीवर, मेंढ्या कातरताना मात्र बायकांत तिचा खेळ रंगायचा, आणि त्या खेळातलं सगळ्यात गाजलेलं पात्र होतं खुद्द सूर्यभान. आख्ख्या गावातल्या बायांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या सूर्यभानला. बायांनी हे गुपित सोन्याच्या डागासारखं सांभाळलं.

दोन हजार बाराच्या दुष्काळात सूर्यभानच्या वाडग्यातली निम्मी मेंढरं गेली आणि घर दोन जागी वाटलं गेलं. सूर्यभान आणि त्याचा धाकटा भाऊ रामेश्वर उरलेला कळप घेऊन चारापाणी असेल तिकडं हिंडू लागले. वच्छलाबाई मुलाबरोबर, अंगदबरोबर, शहरात आली. अंगद रिक्षा चालवतो. ती इमारतींच्या कामावर सिमेंटचं घमेलं उचलायची. आता सून आल्यापासून घरी असते. सून अंबिका दहावी पास, बोलायला फटाकडी, आणि तिचा एक डोळा कायम मोबाइलमध्ये.

खोड काढली ती अंबिकानंच.

"आत्याबाई, आज मी काढते तुमचा व्हिडिओ. टाकते नेटवर."

"टाक की. कोन बघतंय मला?"

अंबिकानं काढला. खोलीत एकच दिवा, तोही मागून. मोबाइलची काच तडकलेली. व्हिडिओत दिसली ती अंधारात हलणारी एक काळी आकृती, पण आवाज मात्र असे खणखणीत की ऐकणाऱ्याला वाटावं, दहा-पंधरा बाया एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत. शेवटी वच्छलाबाईचा खरा, बारीक आवाज, "बस झालं माय, बंद कर आता." अंबिकानं वर लिहिलं, 'टँकर आला'.

तो व्हिडिओ पळाला. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि कुणा हौशी माणसानं मूळचं नाव खोडून त्यावर स्वतःचं लिहिलं, 'मुकुंदवाडीत पाण्यासाठी बायांची भयंकर मारामारी'. असा तो नवं नाव घेऊन थेट सोयगावला पोचला. तिथं डोंगराच्या पायथ्याशी सूर्यभानचा कळप बसलेला होता, आणि सूर्यभान चहाच्या टपरीवर बशीतला चहा फुंकत होता.

टपरीवाला म्हणाला, "बाबा, तुमचं घर मुकुंदवाडीलाच ना? हे बघा."

सूर्यभाननं बघितलं. म्हणजे ऐकलं, कारण बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. काळोख, आरडाओरडा, मधेच "मालने, सोड नळी!" अशी आरोळी, आणि शेवटी त्या काळोखातून आपल्या बायकोचा गळालेला आवाज, "बस झालं माय." बशी खाली ठेवून तो उठला. कळप रामेश्वरच्या हवाली केला, काठी घेतली आणि मिळेल त्या टेम्पोत चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीनं पाहिलं ते असं. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, पुढं केलेली काठी, आणि डोळ्यांत असा अंगार की कुत्रंसुद्धा बाजूला झालं.

"कोन ती मालन?" सूर्यभान गरजला. "बाहेर ये! अन् तो टँकरवाला कुठंय? माझ्या बायकोला एकटी गाठून मारता व्हय रे!"

मालनबाई बाहेर आली. तिच्या हातात लसणाची पाकळी होती. तिनं सूर्यभानकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. ती दाराच्या चौकटीला धरून खालीच बसली. पाठोपाठ आख्खी गल्ली बाहेर आली आणि हसू लागली. बिचारा सूर्यभान काठी धरून मधोमध, आणि चारी बाजूंनी बाया हसताहेत.

"अहो दाजी," मालनबाई डोळे पुसत म्हणाली, "कुनी नाय मारलं तुमच्या बायकोला! ती मालन बी तीच, टँकरवाला बी तीच, अन् ते कुत्रं बी तुमची बायकोच!"

"कोन, अंगदची माय?" सूर्यभान म्हणाला. "येडी का खुळी तू? तिला आवाजच नाय."

यावर जो हशा उसळला तो म्हणे स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीतल्या माणसांनीही डोकी बाहेर काढून ऐकला.

वच्छलाबाई दारात उभी होती. पदर नाकापर्यंत.

"अंगदची माय, ह्या म्हणत्यात ते खरं?"

"व्हय."

"मग करून दाखव."

गल्ली पुढं सरकली. वच्छलाबाईनं तोंड उघडलं. आतून काही आलंच नाही. इतक्या वर्षांची सवय आडवी आली. तिनं पुन्हा प्रयत्न केला आणि आला तो एकच शब्द, "जेवायला चला."

जेवताना सूर्यभाननं निकाल दिला. "हे बघा, मी काय चिडलो नाय. पन डोळ्यांनी दिसल्याबिगर मानणार नाय. चारचौघांत आपल्या घरातल्या बाईचं नाव घेऊन लोक हसत्यात, अन् दिसतं काय? काळं धुकं. खरं असंल तर मला दाखवा. नायतर ह्ये येडं चाळं बंद. परवा मी कळपाकडं जाणार, त्याच्या आत."

वच्छलाबाई चुलीशी बसली होती. तिनं भाकरी उलटली, पण तिचं लक्ष भाकरीत नव्हतं. बंद म्हणजे बंद. सूर्यभान एकदा बोलला की बोलला, आणि अंगद-अंबिका त्याच्या शब्दाबाहेर जाणार नव्हते. संध्याकाळची ती घटका, तो हशा, ते एका अंगात दहा माणसांचं शिरणं, सगळं परवापासून संपणार होतं. आणि ते वाचवायचं तर नवऱ्याला दाखवायला हवं. नवऱ्यापुढं तर जीभ उचलत नव्हती.

वाट अंबिकाला सुचली. "मामा, तुमच्यासमोर आत्याबाईला लाज वाटती. व्हिडिओत दिसल्या तर चालंल का?"

"दिसल्या तर. धुकं नको."

"मग ह्या मोबाइलनं नाय व्हायचं. कॅमेरा पायजे. चांगला. तोंड साफ दिसंल असा."

सूर्यभाननं बोटं चाटली. पागोट्याच्या घड्यांत लोकर विकल्याचं काहीतरी बांधलेलं होतं, तिकडं त्याचा हात जाऊन आला. "घेऊ," तो म्हणाला. "पन पारखणार मी. आजवर ह्या घरात पारखल्याबिगर एक जनावर आलेलं नाय."

"मामा, ते जनावर नाय, कॅमेरा..."

"तेच ते."

दुसऱ्या दिवशी अंगदच्या रिक्षातून सगळं कुटुंब पैठण गेटला उतरलं. अंगद रिक्षापाशी थांबला. मुजीबभाईंचं कॅमेऱ्यांचं दुकान म्हणजे काचेच्या कपाटांमधली एक बोळ. मुजीबभाई गोल, हसरे, तोंडात सुपारी. गेल्या वर्षभरात व्हिडिओ काढणारी इतकी पोरं दुकानात आली होती की गिऱ्हाईक आत येताच ते एकच प्रश्न विचारत.

"आओ मामू, बैठो. पहले ये बोलो, शूट क्या करना है?"

अंबिकानं सांगितलं. घरातल्या घरात, एक माणूस, तोंड साफ दिसलं पाहिजे, आवाज फाटायला नको.

"हौ, तो बडावाला नक्को," मुजीबभाई म्हणाले. "सब बच्चे आते, बडावालाच मांगते, फिर दो महिने में बेचने आते. पहला कॅमेरा हात में बैठनेवाला होना. स्क्रीन घूमनेवाली होना, सामनेवाले को अपना मुंह दिखना. बाकी उजाला और आवाज संभालो, बस."

पण सूर्यभाननं बडावाला काढायला लावलाच. लांबलचक भिंगाचा, काळाकुळकुळीत. दोन्ही हातांनी तोलला, उलटा केला, पाठीवरून हात फिरवला.

"नाक लई लांब. ह्ये खाईल बी लई."

"अरे!" मुजीबभाई चकित. "हौ मामू, बॅटरी बहोत खाता ये!"

मग आला तो मुठीत मावणारा, पाण्यात पडला तरी चालणारा चिमुकला डबा. सूर्यभाननं तो तळहातावर घेतला आणि मुजीबभाईंकडं रागानं पाहिलं. "आईपासून इतक्यात कशाला तोडलं ह्याला?"

तिसरा लालचुटुक होता, चकचकीत. सूर्यभाननं नखानं खरवडून पाहिला. "रंगवलेलं जनावर नको. बाजारात रंगवून कुनी आनलं की समजायचं, कायतरी झाकलंय."

वच्छलाबाई कोपऱ्यात स्टुलावर, पदर डोक्यावर, नजर खाली. माल भरून घेत होती. नवऱ्याची भुवई कशी चढते, हनुवटी कशी पुढं येते, 'नको' म्हणताना मान आधी हलते आणि शब्द नंतर येतो. तिला आतून गुदगुल्या होत होत्या आणि तिनं पदराचं टोक दातांत धरलं होतं.

शेवटी मुजीबभाईंनी खालच्या खणातून एक वापरलेला कॅमेरा काढला. कोपऱ्यावर ओरखडा, पट्टा जरासा विटलेला, पण पाठीवरची पाटी दारासारखी उघडून पुढं वळायची.

"ह्ये कुठं ऱ्हायलंय आजवर?" सूर्यभाननं विचारलं.

"शादियों में. सातारा, चिकलठाणा, पडेगाव. शादीवाले फोटोग्राफर का है, उसने नया लिया."

सूर्यभानचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "म्हंजे गर्दीत बुजत नाय."

"बिलकुल नै!"

"बँडच्या आवाजाला बिचकत नाय."

"मामू, इसके सामने घोडा नाचा है!"

"बाहेर घ्या. उन्हात बघतो."

आणि पैठण गेटच्या भर बाजारात, हातगाड्यांच्या आणि रिक्षांच्या मधोमध, सूर्यभान कॅमेरा घेऊन चार पावलं चालला, वळला, परत आला. कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढं अचानक हात नेऊन बघितला. मागून चुटकी वाजवून बघितली. भज्याच्या गाडीवरची माणसं भजी खायची विसरली. मग त्यानं वच्छलाबाईला हाक मारली. "इथं उभी ऱ्हा."

ती उभी राहिली. अंबिकानं कळ दाबून दिली. पाटीत वच्छलाबाई आली. सगळी. नाकातली चमकी, कपाळावरचं गोंदण, गालावरचा घमेलं लागून झालेला जुना व्रण. सूर्यभान पाटीकडं बघत राहिला. बायकोकडं इतका वेळ टक लावून त्यानं लग्नातही पाहिलं नव्हतं. तेव्हा मधे अंतरपाट होता आणि नंतर मोठी माणसं. वच्छलाबाईला घाम फुटला. भर दुपारी, बाजारात, आपला नवरा आपल्याकडं बघतोय! तिनं पदर ओढला, तर पाटीतल्या बाईनंही ओढला.

"धुकं नाय," सूर्यभान हळूच म्हणाला. आणि मग एकदम आवाज चढवून, कारण बाजार बघत होता, "पन ह्याचे दात कुठंयत?"

"दाँत?" मुजीबभाईंची सुपारी गिळली गेली. "मामू, ये कॅमेरा है, बकरा नै!"

"दात बघितल्याबिगर मी घेत नसतो."

मुजीबभाई तसे रसिक. त्यांनी बॅटरीचं झाकण उघडलं आणि आतल्या सोनेरी पट्ट्यांची इवलीशी ओळ दाखवली. "ये देखो दाँत."

सूर्यभाननं डोळा आत घातला. नखानं एकेक चाचपला. "पिवळे हायत."

"सोने का पानी है मामू!"

सूर्यभाननं मान हलवली, हनुवटी पुढं काढली, आणि आख्ख्या पैठण गेटला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "दात नीट हायत. जनावर चांगलं हाय!"

राहिला सौदा. तो तोंडानं करायची सूर्यभानच्या घराण्याची रीत नव्हती. त्यानं दुकानात परत येऊन खांद्यावरची घोंगडी काढली, काउंटरवर पसरली, तिच्याखाली हात घातला आणि मुजीबभाईंचा हात ओढून घेतला. मेंढरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची, आजूबाजूच्यांना पत्ता नाही.

"अरे, अरे, मामू! गुदगुल्या हो रे!" मुजीबभाई हसून हसून कपाटावर आदळले. पण सूर्यभान गंभीर. पुन्हा बोटं धरली. हळूहळू मुजीबभाईही गंभीर झाले, मग त्यांच्या कपाळावर आठी आली, मग त्यांनी मान जोरात हलवली, मग सुस्कारा टाकला, मग हसले. सौदा झाला. किती झाला, हे अंबिकाला आजवर कळलेलं नाही.

आणि मग सूर्यभाननं सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं. कॅमेऱ्याचा पट्टा त्यानं गाठी सोडून अलगद काढला आणि मुजीबभाईंच्या हातात ठेवला.

"हे तुमचं."

"मामू, ये तो साथ में आता."

"आमच्यात नाय येत. जनावर न्यायचं, दावं मालकाचं ऱ्हातं. दावं गेलं की दावणीची बरकत जाती. घरी जाऊन मी माझं दावं वळून बांधीन. लोकरीचं."

मुजीबभाईंनी त्या विटक्या पट्ट्यावरून हात फिरवला. मग त्यांनी तो खुंटीला टांगला, आणि कपाटातून पदराला लावायचा एक छोटा माईक काढून गुपचूप पिशवीत टाकला. वर म्हणाले, तिपाई स्टँड तेवढा घ्या, कॅमेरा हलणार नाही. सूर्यभान म्हणाला, "तिपाई कशाला? सुनेला दोन हात हायत."

तिसऱ्या अंकाला नेपथ्य एवढंच. घराचं अंगण, सकाळचं सारवलेलं. उजेड पूर्वेकडून, थेट तोंडावर, मुजीबभाईंनी सांगितल्याप्रमाणं. मधोमध दोरीवर सूर्यभानची घोंगडी टांगलेली. तिच्या अलीकडं वच्छलाबाई आणि कॅमेरा धरलेली अंबिका. पलीकडं सूर्यभान, मांडी घालून, हातात लोकर आणि ती पिळायची चाती. दावं वळत बसलेला. अट वच्छलाबाईचीच होती, ते दिसले नाहीत तरच तोंड उघडेल. दावं अजून निम्मंच झालं होतं, पण त्याला आज निघायचं होतं, तेव्हा कॅमेरा तसाच, मोकळा.

अंबिकानं पाटी पुढं वळवली. वच्छलाबाईला समोर आपला चेहरा दिसला. तिनं त्या चेहऱ्याकडं पाहून जरा मान तुकवली, जसं पाहुण्याला करतात. आणि टँकर आला.

पलीकडं चाती थांबली. हॉर्न वाजला, तेव्हा सूर्यभाननं खरंच वळून रस्त्याकडं पाहिलं. मालनबाई भांडू लागली. तिच्यावर दुसरी, दोघींवर तिसरी. साहेबराव नाकातून ओरडला. ड्रम घरंगळला. कुत्र्याला लाथ बसली. सूर्यभान उठून उभा राहिला. इतक्या बाया अंगणात आल्या कधी? त्यानं घोंगडीला कान लावला. मग त्याला राहवेना. मेंढराच्या शिंगानं फाटलेलं एक भोक त्या घोंगडीत होतं. त्याला त्यानं डोळा लावला.

अंगणात एकच बाई होती. कमरेवर हात, पदर खांद्यावर, डोळे गरगरा फिरताहेत, आणि तिच्या एका तोंडातून सगळी गल्ली बाहेर पडतेय.

नेमकी त्याच वेळी अंबिकाची नजर वर गेली. घोंगडीच्या मधोमध, भोकातून, एक वटारलेला डोळा. एवढाच. तिला जे हसू आलं त्यात तिचे दोन्ही हात सुटले.

कॅमेऱ्याला दावं नव्हतं.

तो हवेत उडाला. वच्छलाबाई किंचाळली, या खेपेला स्वतःच्या आवाजात. आणि घोंगडी फाडल्यासारखी बाजूला सारून सूर्यभान झेपावला. उभ्यानं व्यायलेल्या मेंढीचं कोकरू जमिनीला न लागू देता वरच्या वर झेलणारे ते हात. गुडघे टेकून, ओंजळ पुढं करून, त्यानं ते जनावर सारवणापासून वीतभर वर पकडलं आणि छातीशी धरलं.

तो गुडघ्यांवर. समोर ती, पदर खांद्यावर, आणि मधे आता घोंगडी नाही.

वच्छलाबाईचा हात पदराकडं गेला. अर्ध्या वाटेत थांबला. अंबिका सांगते, तेव्हा तिला वाटलं, आत्याबाई आता रडणार. पण वच्छलाबाईची एक भुवई चढली. हनुवटी पुढं आली. मान आधी हलली, आणि मग त्या बाईच्या गळ्यातून सूर्यभान बोलला, असा हुबेहूब की खऱ्या सूर्यभाननं स्वतःच्या तोंडाला हात लावून बघितला.

"नाक लई लांब! ह्ये खाईल बी लई!"



"आईपासून इतक्यात कशाला तोडलं ह्याला?" सूर्यभान गरजला, तिच्यातला. आणि तिनं हातात नसलेला कॅमेरा उचलून उन्हात नेला, चार पावलं चालवला, त्याला चुटकी वाजवून दाखवली, घोंगडीखाली हात घालून मुजीबभाईंच्या आवाजात किंचाळली, "अरे मामू, गुदगुल्या हो रे!"

तेव्हा सूर्यभान फुटला. आधी खांदे हलले, मग पागोटं, मग तो कॅमेरा पोटाशी धरून आडवाच झाला. वर्षांमागून वर्षं कोरड्या रानात मेंढरांमागं फिरलेल्या त्या माणसाला इतकं हसू कुठं साठलेलं होतं कुणास ठाऊक. मालनबाई धावत आली, पाठोपाठ गल्ली.

"हे माझं," तो धापा टाकत म्हणाला, "हे माझं कव्हापासून करतीस तू?"

"हळदीपासून," वच्छलाबाई म्हणाली.

तो पुन्हा लोळला. मग डोळे पुसता पुसता त्याला हातातली पाटी दिसली. पुढं वळलेली होती. तिच्यात एक म्हातारा हसत होता, पागोटं सुटलेला, बोळक्यातून उरलेले दात दाखवत. लाल ठिपका चालूच होता.

दुपारी सूर्यभान निघाला. दावं पुरं झालं होतं, काळ्यापांढऱ्या लोकरीचं, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं कॅमेऱ्याला बांधलं. दारातून वळून म्हणाला, आखाडात पाऊस पडला की येतो, तवर पुढचं करून ठेव; अन् सोयगावच्या त्या टपरीवाल्याला आधी धाडा.

तो गेल्यावर अंबिका व्हिडिओ बघत बसली. टँकर छान आला होता, वच्छलाबाई सगळी दिसत होती, चमकीसकट. मग आभाळ गरागरा फिरलं, आणि त्यानंतर शेवटपर्यंत नुसता सूर्यभान. आवाज वच्छलाबाईचा, आणि तोंड त्याचं, कधी उलटं, कधी आडवं, हसणारं.

"आत्याबाई, शेवटचं कापून टाकू का? तुम्ही यात दिसतच नाय. मामाच दिसत्यात नुसते."

वच्छलाबाईनं हात पुसले, पाटीजवळ डोळा नेला, आणि बराच वेळ बघितलं. मग मान हलवली, हनुवटी पुढं काढली आणि नवऱ्याच्या आवाजात म्हणाली, "दात नीट हायत. जनावर चांगलं हाय. ऱ्हाऊ दे तसंच!"